विरजण खडीवर होतं

मला मुंबईत छप्पर दिलं ते चारकोपच्या मावशीने. ती माझी सख्खी कुणी नाही. मी बीडच्या पलीकडची, ती मालवणची. आठवीत शाळा सुटलेली, ओळखीपाळखीचं कुणी नसलेली मुलगी तिने दारात उभी बघितली आणि आधी जेवलीस का विचारलं. म्हणून तिचं आधी लिहिते. बाकीचं त्याच्यानंतर.

मावशी विधवा. बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत ती, आतल्या खोलीत मी. मी जवळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला जायचे. तिचा मुलगा मालाडला राहायचा आणि रविवारी यायचा. त्याला मी आवडत नव्हते. आईने परकं माणूस घरात घेतलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दर रविवारी नव्याने यायचं. तो आला की मी उगाचच भांडी घासत बसायचे.

मावशीचे गुडघे गेले होते. नळ मागे मोरीत, झाडं पुढे ओटीवर. बादली उचलवत नव्हती, म्हणून कुंड्या एकेक करून वाळत चालल्या होत्या. ती ओटीवर बसून त्या बघत राहायची. मला ते बघवेना. तिच्यासाठी काही करण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय होतं? मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी जुळवाजुळव केली. खाली मोठा टब, त्यात मासे. वर लोखंडी स्टँडवर भोकं पाडलेला पसरट टब, त्यात खडी आणि खडीत रोपं. कूलरचा छोटा पंप खालचं पाणी वर चढवणार, ते खडीतून गाळून परत खाली येणार. माशांची घाण रोपांना खत, आणि माशांना पाणी स्वच्छ. बादली उचलायलाच नको.

मुलाने टब बघितला आणि आईसमोरच मला सांगितलं, "वास आला ना, तर टब आणि तू, दोघंही बाहेर."

त्यानंतर मी दिवसातून कितीदा तरी पाण्याला नाक लावायचे.

मासे लगेच सोडायचे नसतात. डोळ्यांना न दिसणारे जंतू आधी वाढावे लागतात. घाणीचं खत तेच करतात. मावशीला जंतू हा शब्दच आवडला नाही. मग मी म्हटलं, पाणी मुरू द्यायचं. ती म्हणाली, "विरजण लागाक होया म्हण." मला इतकं बरं वाटलं. हो मावशी, विरजणच, म्हटलं. ते कुठे लागतं, एवढं सांगायचं राहिलं.

पाणी मुरल्यावर शेवटी चिलापी माशांची पिल्लं सोडली. पालक वर आला, पुदिना पसरला, अळूने पान उघडलं. मावशी टबाशी स्टूल टाकून बसायची आणि माशांना नावं ठेवायची. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे काय मासा, मीठ कमी पडलेल्या आमटीसारखा. पण खायला घालायची तीच, आणि मी घातलं तर रागवायची.

दसऱ्याला इस्टेटमध्ये मशीन धुऊन पूजा असते. मी तिकडे गेले. परत आले तर टबाला झेंडूची माळ, पंपाला हळदकुंकू आणि खडी पांढरीशुभ्र. रोपं नीट परत लावलेली. मावशी घामाने भिजून स्टुलावर बसली होती, चेहरा मात्र फुललेला. तुझं हत्यार हेच ना, म्हणाली, मग ते नको का धुवायला? ब्लीचिंग पावडर लावून, घासून, तीनतीनदा खळखळून. आणि टबातलं पाणी तिने एक थेंबही सांडलं नव्हतं. भांडं घासायचं, विरजण राखायचं. जन्मभर तिने तेच केलं होतं.

विरजण पाण्यात नव्हतं. खडीवरच्या बुळबुळीत थरात होतं, आणि तोच धुऊन गेला होता.

त्या गुडघ्यांनी तिने खडीचं घमेलं मोरीपर्यंत कसं ओढलं असेल, हेच डोळ्यांपुढे येत होतं. छान झालं म्हटलं. पाणी बदलून बघितलं, खायला कमी घातलं. तरी घाण पाण्यातच साचत गेली आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मग एकेक आडवा झाला. कामावर जायच्या आधी मी मेलेले काढायचे, तरी रविवारपर्यंत ओटीवर वास धरला. टबाच्या तळाशी, पंपामागे, दोन अडकले होते.

मुलगा दारातच थांबला. नाकाला रुमाल लावला आणि मला म्हणाला, बॅग भर. मावशीने आतून विचारलं, मासे कशाने मेले? मी खडीकडे बघितलं. तेवढ्यावरून तिला कळलं.

"माका वाटला विरजण पाण्यात आसा," ती हळू म्हणाली. मग मुलाकडे वळली. "दगड मी ब्लीचिंगान धुतलंय. तिका कित्याक बोलतस?"

मुलाने रुमाल खिशात ठेवला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. त्या मऊ आवाजाचीच मला जास्त भीती वाटली. आज माशांत ब्लीचिंग, उद्या डाळीत टाकशील, तो म्हणाला. आई, तू आता एकटी राहण्यासारखी नाहीस. मी म्हटलं, एकटी कुठे, मी आहे ना. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाचवायला ती बोलली, आणि तेच तिच्यावर उलटलं.

दिवाळीआधी तो तिला मालाडला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. जाताना ती मला म्हणाली, अळू तेवढा ने गो.

आता मी आणखी चौघींबरोबर एका खोलीत राहते. अळू खिडकीत डब्यात आहे, टब पलंगाखाली कोरडा. मालाडला दोनदा जाऊन आले. वरचा मजला, खिडकीला जाळी, ओटी नाही. मावशी जाळीशी बसलेली असते आणि जेवलीस का विचारते.

मावशी, एक दिवस कुलपाची किल्ली माझ्याकडे असेल. दाराशी ऊन असेल, टब तुझ्या स्टुलाच्या उंचीचा असेल. तुला घेऊन येईन, आणि पहिला मासा तुझ्या हातात देईन. कालवण तूच कर, आणि चव नाही म्हणून मलाच बोल. ते मी तुझं देणं लागते.