टकटक्याने तपासलेला कॅमेरा

माझा धाकटा भाऊ इमारती वाजवून पाहतो. हसू नका, त्याचं घर यावरच चालतं. उंच इमारतींचं बाहेरचं प्लास्टर कुठे सुटायला आलंय, कुठे भेग पडलीय, ते शोधून ठेकेदाराला सांगायचं हे त्याचं काम. गच्चीवरून दोरांवर झुला सोडतात, झुला म्हणजे लांबट लोखंडी पाळणा. त्यात उभं राहून हा बारक्या हातोडीने भिंतीवर टकटक करतो आणि भिंतीला कान लावून ऐकतो. आवाज भरीव आला तर पुढे सरकायचं, पोकळ आला तर लाल खडूने गोल काढायचा. म्हणून सगळे त्याला टकटक्या म्हणतात. नाव मीच ठेवलंय, आणि मोठी बहीण असल्यामुळे त्याबद्दल मला कोणी काही बोलू शकत नाही.

ही खोड घरीही जात नाही. दार, कपाट, टेबल, काही म्हणून न वाजवता सोडत नाही. त्याच्या लग्नाआधी त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदा भेटायला गेलो, तेव्हा गप्पा मारता मारता याने पाठीमागची भिंत वाजवली आणि म्हणाला, "खिडकीखाली पोकळ आहे हं." मी शेजारीच बसले होते. कुठे तोंड लपवू असं झालं मला. सासरे उठले, त्यांनी स्वतः वाजवून पाहिलं, आणि जावई पसंत म्हणाले.

त्याचं एक वाक्य ठरलेलं आहे. इमारतीचा मालक हुज्जत घालतो, "अहो, इतकी वर्षं टिकलंय की ते!" हा शांतपणे सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "टिकलंय खरं. पण पडायच्या आधी उतरवून घ्या." आवाज चढवत नाही, वाद घालत नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. त्याच्या जागी मी असते तर एव्हाना दोन-चार मालकांशी कायमचं वाकडं आलं असतं.

तर असा हा माणूस उन्हाळ्यात एकदा झुल्यातच खाली बसला. चक्कर आली. पट्टा बांधलेला होता म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानाच्या आतलं बिघडलंय, तोल सांभाळण्याची शक्ती तिथे असते, आता उंचावर जाणं बंद. हा घरी येऊन म्हणाला, "ऊन लागलं होतं जरा." आणि पुढच्या आठवड्यात परत झुल्यावर!

भावजयीने मला बोलावून घेतलं. ती मुळात कमी बोलणारी. घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसली होती, त्यावरूनच मी काय ते समजले. "वन्सं," ती म्हणाली, "हे घराबाहेर पडले की माझा जीव टांगणीला लागतो. तुमचं तरी ऐकतील."

माझं ऐकतील! अहो, तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि बाप आमचा एकच होता. तरी मी ठेकेदाराला गाठलं. ठेकेदार भला माणूस. तो म्हणाला, "ताई, मलाही नकोय तो वर. त्याने खालून जागा हेरून द्याव्यात, वर जाऊन वाजवायला माझ्याकडे दुसरे आहेत. पगार तोच देतो. पण तो तयार नाही."

मी तणतणत भावाच्या घरी गेले. "काय रे, का तयार नाहीस?"

"खालून दिसत नाही, ताई," तो म्हणाला. "केसाएवढी भेग असते. न बघता मी कोणाला काय सांगू? उद्या तुकडा कोणाच्या डोक्यात पडला तर?"

म्हटलं, मग खालूनच बघायची सोय करू. मोबाइलवर फोटो काढून पाहिले, तर मोठं केल्यावर नुसता चिखल. मग मी सरळ बाजारात गेले.

दुकानदाराने आधी मला कळत नाही असं गृहीत धरून भारीतले कॅमेरे पुढे केले. मी म्हटलं, "हे बाबा, मला लग्नाचे फोटो काढायचे नाहीत. खिशाला झेपेल असा दाखव, बटण दाबलं की फोटो निघाला पाहिजे, आणि लांबची भेग दिसली पाहिजे." तेव्हा त्याने फळीवर मागे पडलेला एक काळा, मुठीपेक्षा थोडा मोठा कॅमेरा काढला. चालू केला की नळी बाहेर येते, झूम दाबला की आणखी बाहेर, आणखी बाहेर. दुकानातून मी रस्त्यापलीकडे चाकातली हवा तपासणाऱ्या माणसाच्या शर्टाची तुटलेली गुंडी पाहिली. दुकानदार म्हणाला, "मॉडेल जुनं आहे, अंधारात रडतो, पण भिंग लांबचं आहे." मी घेऊन टाकला.

भावाने तो हातात घेतला आणि काय केलं असेल? बोटाच्या सांध्याने वाजवला. "प्लास्टिक," म्हणाला.

"तुझ्या बहिणीने आणलाय," मी म्हटलं. "यातून दिसलं तर झुला सोडशील का, ते बोल."

तो बायकोकडे बघून म्हणाला, "तपासतो. पास झाला तर सोडला झुला." आणि हा माणूस शब्दाचा पक्का, म्हणून आम्हा दोघींना हायसं वाटलं.

मग सुरू झाली तपासणी. गॅलरीत उभा राहून त्याने लांबच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला. उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसेना, तर डोक्यावरून टॉवेल घेतला. शेजारीणबाईंना वाटलं, त्यांच्या दोरीवरचे कपडे बघतोय. त्यांची समजूत घालायला मला जावं लागलं. झूम पूर्ण ताणला की हात जरासा हलला तरी टाकी पार पडद्याबाहेर. तेव्हा भावजयीने जुन्या चादरीची पिशवी शिवली, तिच्यात वाळू भरली आणि कठड्यावर ठेवली. कॅमेरा त्या पिशवीत रुतवला तसा तो गपगार झाला.

झूमच्या पट्टीवर एक खूण होती, तिच्यापुढे गेलं की चित्र मोठं होई पण फिसकटे. भावाने ते पहिल्याच दिवशी ओळखलं. "या खुणेपर्यंत हा खरं बोलतो," तो म्हणाला, "इथून पुढे थापा मारतो." कोऱ्या भिंतीवर नेम धरला की कॅमेरा बराच वेळ चाचपडतो, पण खिडकीच्या कडेवर धरला की पटकन पकडतो, हेही त्याने शोधलं. संध्याकाळ झाली की फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके. बॅटरी फार टिकत नाही. पण सकाळच्या तिरप्या उन्हात टाकीवरची भेग दिसली, अगदी तिच्यातून आलेला ओलीचा डाग दिसला. "बरा आहे की," तो स्वतःशीच म्हणाला.

मी म्हटलं, "झालं तर मग!"

"झालं कसं? ती खरंच भेग आहे की कोळ्याचं जाळं? वर जाऊन हात लावल्याशिवाय कसं कळणार?"

कर्म माझं! चढायला लागू नये म्हणून कॅमेरा आणला, तर कॅमेरा तपासायला हा चढणार. मी घसा बसेपर्यंत भांडले. भावजय उठून आत गेली. तो आपला एकच धरून बसला, "न तपासता पास केलेलं मी आजवर काही नाही, ताई. एकदाच. सध्या काम चालू आहे ती ऑफिसची जुनी इमारत आहे ना, सुट्टीच्या दिवशी मी वर जातो, भेगेशेजारी खडूची खूण करतो. तू खालून फोटो काढ. जुळलं तर पास."

शेवटी मी हात टेकले. म्हटलं, निदान मी खाली असेन.

सुट्टीची सकाळ होती, रस्ता रिकामा. एवढं एकदाच म्हणून ठेकेदाराच्या माणसाने गच्चीवरून झुला सोडला. मी समोरच्या पायरीवर वाळूची पिशवी मांडून, टॉवेल डोक्यावर घेऊन बसले. येणारेजाणारे बघत होते, बघेनात का. डोळ्यांनी पाहिलं तर वर माझा भाऊ नेहमीसारखाच दिसत होता. भिंतीला चिकटून उभा, कान लावून ऐकतोय. आयुष्यभर त्याला असंच पाहत आले. मी खिडकीच्या कडेवर नेम धरून झूम त्या खुणेपर्यंत नेला.

भेग दिसली, खडूचा गोलही दिसला. आणि शेजारी तो दिसला.

तो ऐकत नव्हता. त्याने कपाळ भिंतीला टेकवलं होतं आणि डोळे गच्च मिटले होते. तोंड उघडं होतं, धावून दमलेल्या माणसाचं असतं तसं. एका हाताने दोर इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. हातोडी मनगटाच्या दोरीला नुसती लोंबत होती. ओरडावं तर दचकायचा, म्हणून तोंडावर हात दाबून बसले आणि काय करावं ते न सुचून बटण दाबत राहिले. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, हातोडी धरली, टकटक केली आणि खाली माझ्याकडे बघून हात हलवला.

खाली आला तो हसतच. "झालं ना? उगाच घाबरता तुम्ही दोघी."

मी, जिचं तोंड कधी बंद नसतं ती, रिक्षात कॅमेरा छातीशी धरून बाहेर बघत बसले. त्याने दोनदा विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

संध्याकाळी चहा झाल्यावर त्याने कॅमेरा टीव्हीला जोडला. बायकोला मुद्दाम समोर बसवलं. स्वतःच बटण दाबत एकेक फोटो पुढे सरकवू लागला. "ही बघ भेग. ही माझी खूण. तंतोतंत. इथे प्लास्टर फुगलंय, तेही दिसतंय. आवाज नाही कळत, पण जागा कळते. वाजवायला दुसरा जाईल." तो खरंच खूश होता. मग पुढचा फोटो आला.

त्याने बटण दाबलं. पुढचाही तोच. त्याच्या पुढचाही.

"रोज असं होतं?" भावजयीने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. मला तर आधीच रडू फुटलं होतं.

तो उठून टीव्हीजवळ गेला आणि भिंतीसमोर उभा राहतो तसा उभा राहिला. पांढरी पडलेली बोटं पाहिली, मिटलेले डोळे पाहिले. सवयीने हात वर गेला, बोटाचा सांधा काचेजवळ नेला, पण वाजवलं नाही.

"ताई, झूम कुठवर नेला होतास?"

"खुणेपर्यंत," मी डोळे पुसत म्हटलं. "पुढे नाही."

"म्हणजे खरं बोलतोय." तो पडद्याकडेच बघत राहिला. मग मालकांना सांगतो त्याच शांत आवाजात, मागे न वळता, बायकोला म्हणाला, "टिकलाय खरा. पण पडायच्या आधी उतरवून घ्या."

भावजयीने उठून त्याच्या मनगटाला अजून तशीच असलेली हातोडीची दोरी सोडवायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, तिला वेळ लागला. तो हात पुढे करून उभा राहिला.