बिटाच्या लोणच्यातले बारा शब्द

तुमची सगळी पुंजी बारा शब्दांवर टांगलेली आहे, ते शब्द आत्ता नेमके कुठे आहेत हे छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि तरी तुम्ही निवांत जेवता कसे हो?

स्टेफानिया कोस्तिउकही जेवायची. कॅनडात, सस्कॅचवानमधल्या एका गावात तिनं एकतीस वर्षं शाळेची बस हाकली, उणे चाळीसातही एक पोर उशिरा पोचवलं नाही. नवरा वासिल जाताना बिटकॉइन ठेवून गेला. घराचं छप्पर आणि तिचं म्हातारपण त्यावरच. ग्रंथालयातल्या बाईनं बजावलं होतं: फोन गेला तरी पाकिटाचे हे बारा शब्द नव्या फोनमध्ये क्रमानं टाकले की पैसे परत हाती येतात, आणि दुसऱ्यानं टाकले तर त्याच्या हाती जातात. म्हणून स्टेफानियानं ते बिटाच्या लोणच्याच्या कृतीत लपवले, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक, आणि कार्ड पाककृतींच्या पत्र्याच्या डबीत ठेवलं. चोर लोणचं कशाला वाचतोय?

फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना फोन बर्फातल्या भोकातून थेट तळाला गेला. ती शांतपणे घरी आली, फडताळ उघडलं. डबी नव्हती.

पिठाचे डबे, ओव्हन, वासिलची हत्यारं, सगळं उपसून झाल्यावर तिला आठवलं, की चर्चच्या बायका पाककृतींचं पुस्तक छापणार होत्या. गावात दाराला कुलूप लावायची रीत नाही. मैत्रीण ओरिसियाच येऊन घेऊन गेली असणार.

चर्चच्या तळघरात पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, वळणं चाललं होतं. स्टेफानियानं बुटांवरचा बर्फही झटकला नाही.

"लोणच्याचं कार्ड कुठंय?"

"ते खुळचट?" ओरिसियानं पिठाचे हात पुसले. "लोणच्यात हातोडा आणि छत्री कोण घालतं गं, स्टेफा? मी आपली सुधारून टाइप केली कृती. कार्ड आहे डबीत, घे."

कार्ड होतं. बाराही शब्द होते. स्टेफानियानं ते कोटाच्या खिशात घातलं.

"इतक्या हसलो ना आम्ही," ओरिसिया म्हणाली, "की फोटो काढून ग्रुपवर टाकला. एव्हाना कॅलगरीपर्यंत गेला असेल."

स्टेफानिया भांडली नाही, कार्डात काय आहे तेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसणाऱ्यांना हाव सुटली असती. ती तडक दुकानात गेली, नवा फोन घेतला, घरी येऊन जुने शब्द टाकले, नव्या बारा शब्दांचं नवं पाकीट उघडलं आणि पैसे तिकडे हलवले. पोचल्याची खूण उमटायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात कुणाच्या तरी हुशार जावयाला लोणच्यातली गोम कळली असती तर? स्वयंपाकघरात ती उभीच राहिली, हातातला चहा गार होऊन गेला.

नवे शब्द तिनं पोलादी पट्ट्यांवर ठोकून कोरले, स्वतःच्या हातानं, दोनदा. एक पट्टी घरी. दुसरी बहिणीकडे मोहोरबंद, काय आहे आणि कधी उघडायचं ते समजावून.

तिला अडाणी म्हणायची घाई करू नका. शिकलेसवरलेले फोनमध्ये फोटो काढून ठेवतात, ते त्याहून वाईट. तेव्हा हे खाली ठेवा, उठा, आणि तुमचे शब्द जागेवर आहेत का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.