एका बाटलीचं दोनदा बिल

मी केलं ते चांगल्या मनानेच केलं, ह्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. मुलाचा नाही, शेजारणीचा नाही आणि नवऱ्याचा तर नाहीच नाही. म्हणून आता तुम्हाला सांगते. हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्ये बोलू नका.

आमच्या ह्यांना धुळीची ॲलर्जी. ठाकुर्लीत राहायचं आणि धुळीची ॲलर्जी बाळगायची, म्हणजे काय हाल असतील बघा. शिंकून शिंकून माणूस अर्धा झालेला, आडवं पडलं की श्वास लागायचा. शेवटी वर्तकनगरच्या एका क्लिनिकने ह्यांच्यापुरती औषधाची बाटली बनवून दिली. बाटली घरी फ्रीजमध्ये ठेवायची, दर आठवड्याला आमच्या इथल्या डॉक्टरांकडे न्यायची आणि दंडात टोचून घ्यायची. गुण आला. माणूस पाठ टेकून झोपायला लागला. बिल मुलाच्या कंपनीच्या विम्यातून परत मिळायचं, तीही चिंता नाही.

मग एक दिवस विमावाल्यांनी बिल नाकारलं.

मुलगा म्हणाला, "आई, बिलात बाटली बनवण्याचा कोड दुसऱ्यांदा लागलाय. पहिली संपायच्या आत दुसरी कशाला, असं विचारतायत."

"म्हणजे एकाच बाटलीचे दोनदा पैसे लावले. चोर आहेत मेले."

"अगं, काहीतरी कारण असेल."

"घरात एकच बाटली आहे. फ्रीज मी उघडते की तू?"

हे पेपर तोंडासमोर धरून बसलेले. पेपरामागून आवाज आला, "जाऊ दे ना."

ह्यांनी जाऊ दे म्हटल्यावर मी आजवर काही जाऊ दिलंय का? दुसऱ्याच दिवशी ह्यांना बरोबर घेऊन मी वर्तकनगरला गेले.

काउंटरवर स्नेहल नावाची बारीकशी मुलगी, बिलं तीच बनवते. नीट बोलली, खोटं का सांगू? "काकू, औषध बनवल्याचा कोड वेगळा, टोचल्याचा वेगळा. बाटली दोनदा बनवली, म्हणून तो कोड दोनदा."

"दुसरी बाटली गेली कुठे मग? तुझ्या पर्समध्ये?"

तिने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना शिंक आली.

"त्यांच्याकडे काय बघतेस? माझ्याशी बोल."

माझा आवाज तसा बारीक नाही. आतून मॅनेजर आले. कॉम्प्युटरमध्ये बघून त्यांनी तिला विचारलं, "दुसरी बाटली दिलीस, तर कारण का नाही टाकलंस? कारण नसेल तर विमावाले खोटं बिलच म्हणणार."

"राहून गेलं, सर."

"असं राहून जात असेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"बरोबर," मी म्हटलं. हो, मीच म्हटलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा आमचे हे उठून उभे राहिले. लग्न सोडलं तर चारचौघांत ते कधी उभे राहिल्याचं मला आठवत नाही.

"तिची चूक नाही," ते म्हणाले. "मीच हात जोडलेले तिच्यापुढे, कारण लिहू नको म्हणून. बिल घरी जातं, मुलगा मोठ्याने वाचतो."

"असं काय कारण होतं, पाटकर?" मॅनेजरनी विचारलं.

"बाटली गोठलेली. नुसता दगड. डॉक्टर म्हणाले, गोठलं की औषध गेलं, नवीन आणा. आणली गुपचूप."

"गोठली कशी?"

हे फरशीकडे बघायला लागले.

आता काय सांगू तुम्हाला. श्रावण होता. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद. फ्रीजर रिकामा केलेला, सोड्याने घासून पुसून लख्ख केलेला. सगळ्या फ्रीजमध्ये तेवढी एकच जागा अशी, की जिथे ना लसणाची चटणी, ना कालची आमटी. औषध गार ठेवा म्हणालेले. मग नवऱ्याच्या जिवाचं औषध मी चटणीशेजारी ठेवू? सगळ्यात स्वच्छ आणि सगळ्यात गार जागी ठेवलं. तोंडाने देवाचं नाव घेत ठेवलं. श्रावण संपला, बोंबील परत वर गेले, बाटली खाली आली. नवीन बाटली ह्यांनी तोवर डॉक्टरांकडेच ठेवलेली, जुनी खाली आल्यावर गुपचूप बदलली. ती बदललेली आहे हे मला कळायला तिचा चेहरा थोडाच वेगळा होता?

मॅनेजर म्हणाले, "कारण आता टाकावंच लागेल. कुणाच्या हातून खराब झाली?"

"माझ्या," हे म्हणाले.

ज्या माणसाला फ्रीजमधलं ताक समोर असून सापडत नाही, तो म्हणतो माझ्या हातून. आणि स्नेहल मान खाली घालून बसलेली. तिने अजूनही एका शब्दाने मला उघडं पाडलं नव्हतं.

"तुम्ही खाली बसा," मी ह्यांना म्हटलं. मग मॅनेजरकडे वळले. "ह्या पोरीला उद्या कामावर बघायचंय मला. आणि नाव हवंय ना? लिहा. सुलभा दत्ताराम पाटकर."