थाळी वाजली आणि होडी वळली

होडी खुंटीला बांधताना मी फाइलीच्या नाडीला मारतात ती गाठ मारली... एक टोक ओढलं की मोकळी होणारी. अंबरनाथच्या कारखान्यात इतकी वर्षं हेडक्लार्की केल्यावर हाताला दुसरी गाठ येतच नाही. पुढचं सगळं त्यातून घडलं.

आधीच सांगून टाकतो — भूत, चकवा, कौल, यांतलं मला काही पटत नाही. आमच्या आळीत कुणाच्या अंगात आलं तरी मी पेपर वाचत बसतो. तेव्हा हे वाचून कुणाला माझीच शंका आली, तर माझी हरकत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही बदलापूरला राहतो. दसरा होऊन गेला होता, भात कापणीला आलं होतं आणि मला गळ टाकून मासे धरायचा नाद लागला होता. गळ घेतला उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये, एका सिंधी दुकानदाराकडून. तो म्हणाला, "साईं, आप सिर्फ बैठो, मच्छी अपने आप आएगी." यातला बसण्याचा भाग मी तंतोतंत पाळत आलोय.

त्या रविवारी सकाळी शेतांच्या बांधांवरून रमतगमत एकटाच उल्हास नदीवर गेलो. निघताना बायकोनं — सुशीलानं — एवढंच बजावलं होतं की काठ सोडायचा नाही. कारण मला पोहता येत नाही.

काठावर धर्मा नावाड्याचं झोपडं आहे. तो लेकीकडे वांगणीला गेला होता. घरी त्याची बायको येसूबाई एकटीच. बांधलेल्या होडीत बसून गळ टाकू का, असं मी विचारलं. "बसा की दादा, पन सोडू नका हां. पान्याला वड हाय," ती म्हणाली. होडी उन्हात होती म्हणून मी ती जांभळीच्या सावलीत ओढली आणि बांधली... ती गाठ वर सांगितलीच आहे. वल्हं पायात येत होतं, ते काठावर काढून ठेवलं. पाय पसरले. समोर खंड्या, डोक्यावर सावली, गळाला काहीही नाही. इतकं सुख मला ऑफिसात फक्त साहेब रजेवर असताना मिळतं. डोळा लागला.

जागा झालो तेव्हा जांभूळ दूर गेलं होतं. होडी मधल्या धारेत, वल्हं काठावर, आणि पुढे खडकांवरून पाणी कोसळतं तिथला आवाज जवळ येत होता. तिथून होडी शाबूत जात नाही. माझ्यासारखा माणूस तर नाहीच. ओरडायला हवं होतं. पण तोंडातून निघालं काय, तर "अहो, कोणी आहे का?" — शेजाऱ्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं. मी दोन्ही हातांनी होडीची कड धरली. सुशीला आता काय करत असेल, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात मागून, वरच्या अंगानं, पितळी थाळी वाजल्याचा आवाज आला. ठण... ठण... ठण.

होडी थांबली. मी अतिशयोक्ती करत नाही. दोन्ही बाजूंनी पाणी पुढे पळत होतं आणि होडी जागच्या जागी. मग तिनं सावकाश तोंड फिरवलं आणि ती प्रवाहाच्या उलट निघाली. घाई नाही, धक्का नाही... संध्याकाळी बैल गोठ्याकडे निघतो तशी. माझा गळ मागे पाण्यात ताणून ओढला जात होता. जांभळीखाली येऊन ती काठाला टेकली.

येसूबाई झोपडीच्या दारात थाळी-पळी घेऊन उभी होती. धर्मा नदीत असला की हाक पोचत नाही, म्हणून ती जेवायला बोलवायला थाळी वाजवते. लग्न होऊन आली तेव्हापासून. आज तो घरी नाही हे विसरून हात चालला, म्हणाली. मी तिला घडलेलं सांगितलं.

"येनारच ना," ती म्हणाली. "जेवनाची येळ झाली. तुमी बी बसा."

बसलो. भाकरी आणि माशाचं कालवण. असा जेवलो नाही कधी.

घरी सुशीलाला सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी ती खण-नारळ घेऊन माझ्याबरोबर आली. येसूबाईची ओटी भरली आणि दुसरा नारळ होडीपुढे फोडला. मला मात्र खात्री करायची होती. धर्मानं हसत हसत रिकामी होडी धारेत सोडली, येसूबाईनं थाळी बडवली... आणि होडी मजेत खाली निघून चालली. बिचारा धर्मा पोहत गेला आणि शिव्या देत तिला घेऊन आला. आमच्या कारखान्यातले इंजिनिअर म्हणतात, पाण्यात उलटे भोवरे असतात. असतील. पण भोवरा थाळीची वाट बघत थांबतो का?

परतीच्या वाटेवर बांधावरून चालताना मी सुशीलाला म्हटलं, प्रयोगात एकच फरक राहिला, आज होडीत मी नव्हतो. मी बसून पुन्हा एकदा बघितलं, तर कारण नक्की सापडेल.

ती पुढे चालत होती. मागे न वळता म्हणाली, "मला कारण नको. तुम्ही घरी आलात, तेवढं पुरे. कारण सापडलं, तर तुम्ही दर रविवारी होडीत बसाल."