काळ्यातलं काळं निवडणारी आयव्ही

आयव्हीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. कुणालाच कळलेलं नाही, असा समज फक्त आयव्हीचा होता. चहात साखर समजून तिनं दोनदा मीठ घातलं, आणि दोन्ही वेळा "मला असाच आवडतो" म्हणत पिऊन दाखवला. सुंभ जळाला तरी पीळ कुठं जातो!

थंडी पडली की वस्तीतल्या बाया ट्रकमध्ये बसून कथलाच्या ओढ्यावर जात आणि दोन-तीन महिने तिथंच वाळू घोळत. यंदा मात्र आयव्हीच्या बहिणीची मुलगी व्हर्ना हटून बसली.

"मावशी, या खेपेला तू यायचं नाहीस. मार्बल बार गावात माझ्या थोरल्या बहिणीकडे राहा."

"आणि तिथं करू काय?"

"पडवीत बस. आराम कर."

आराम! सातव्या वर्षी आयव्हीच्या हातात यांडी आली होती. लांबट, उथळ परात ती. आधी लाकडाची, आता पत्र्याची. पहिल्यांदा तिनं गवताचं बी घोळलं, मग आईबरोबर कथील. परातीला झोके द्यायचे, मनगटानं किंचित हिसका द्यायचा. हलकी वाळू पुढं सरकते, जड कथील मागं राहतं. पुरुषांना हे काही केल्या जमत नाही. तिच्या नवऱ्यानं एकदाच हात घातला, तर अर्धं कथील कुत्र्याच्या अंगावर. पुन्हा म्हणून तो यांडीच्या वाटेला गेला नाही.

निघायच्या आदल्या सकाळी व्यापाऱ्याकडून गेल्या हंगामातलं एक पोतं परत आलं: कथलात लोखंडी वाळू फार. पोतं व्हर्नाचं होतं. कच्चं कथील काळं, ती लोखंडी वाळूही काळी, बिचारी फसली. तिचा नवरा क्लेम जुन्या रेडिओतलं लोहचुंबक घेऊन धावत आला. पोत्यातल्या मालावरून फिरवताच चुंबकाला काळ्या मिशा फुटल्या.

"संपलं काम! आता यांड्या चुलीत घाला," क्लेम म्हणाला.

"उरलेलं आण इकडं," आयव्ही म्हणाली.

तिनं मांडी घातली आणि यांडी हलवायला घेतली. तोंड डोंगराकडे, कान परातीकडे. सर्र, सर्र. थोड्या वेळानं काळ्यातून काळ्याचाच एक पट्टा वेगळा निघाला.

"हेही लोखंडच. चुंबकाला दाद न देणारं, आपल्या क्लेमसारखं."

व्हर्नानं त्यातली चिमूट फुटक्या बशीच्या खरबरीत कडेवर घासली. गंजासारखी तांबडी रेघ उठली. मागं राहिलेलं कथील घासलं, तर तांबडं काहीच नाही. बाया खो खो हसल्या, क्लेमनं चुंबक खिशात घातलं.

"एवढं बारीक तुला दिसलं कसं?" व्हर्नानं विचारलं.

"दिसलं असतं तर तुझ्यासारखीच फसले असते. लोखंड थोडं आधी सरकतं, कथील बसून राहतं. ते हाताला कळतं." तिनं यांडी खाली ठेवली. "डोळे गेलेत, पोरी. दोन वर्षं झाली. पण पडवीत बसवलंस तर हातही जातील. मला फार भीती वाटते त्याची."

असं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती. व्हर्ना शेजारी बसली, यांडी ओढून घेतली, डोळे मिटले. दोन झोक्यांत सगळं मांडीवर सांडलं.

"किती दिवस लागतील शिकायला?"

"हुशार असेल तिला एक हंगाम. तुला तीन."

"तोवर जगशील का, म्हातारे?"

"ट्रकमध्ये जागा दिलीस तर बघते."

दुसऱ्या दिवशी ट्रक निघाला. पुढं क्लेमशेजारी आयव्ही बसली होती, आणि मागं पिठाच्या पोत्यांवर व्हर्ना. डोळे घट्ट मिटून, मांडीवर यांडी घेऊन, ती रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला वाळू सांडत होती.