तात्या फलाटावर, तात्या गाडीत

मंडळी, आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही, हे आधी ऐकून घ्या. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशीच देव, भुतं, अंगारे, लिंबू-मिरची सगळं कन्हेरीच्या ओढ्यात सोडून दिलं. माझं बारामतीत पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. वायर तुटली की पंखा बंद, जोडली की चालू... माझं तत्त्वज्ञान एवढंच. या 'अमानवीय' सदरातले तुमचे अनुभव मी आजवर जेवणानंतर बडीशेप चघळावी तसे वाचत आलो. आज माझी बडीशेप घ्या!

आमची लेक प्रज्ञा म्युनिकला नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात तिने तिघांना बोलावलं – मी, माझी बायको सुजाता आणि सुजाताचे वडील तात्या. तात्या कळंबचे. पंचाहत्तरी ओलांडलेली, सरकारी नोकरी नगरला झालेली, इंग्रजी 'थँक्यू'पुरतं. त्यांना न्यायला माझ्या मेहुण्यांचा कडाडून विरोध. मी छाती ठोकून सांगितलं, "तात्या माझी जबाबदारी. नेतो तसे आणतो."

थोरला मेहुणा एवढंच म्हणाला, "दाजी, तात्या न्हाय आलं तर तुमीबी येऊ नका."

पॅरिस बघून झालं आणि आम्ही म्युनिकच्या गाडीत बसलो. ही गाडी पळत नाही, सुटते! वेगाचा आकडा तीनशेच्या वर गेला, तरी तात्यांच्या बाटलीतलं पाणी हलेना.

"पाव्हणं," तात्या म्हणाले, "ह्या चालीनं भिगवणहून निघालो तर पुण्यापतोर तंबाखू मळून हुईल का?"

"मळून होईल. तोंडात टाकायला मुंबईच उजाडेल."

मध्येच कुठेतरी फ्रान्स संपून जर्मनी लागला होता. तात्यांना ते काही पटेना. "नाका न्हाय, दांडा न्हाय, कुणी गाडी अडवली न्हाय. ह्यो कसला परदेश? आपल्या इंदापूरला टोल तरी लागतो!"

मग आलं स्टुटगार्ट. या स्टेशनात रूळ संपतात, पुढे वाटच नाही. आलेली गाडी आल्या तोंडाने उलटी बाहेर पडते. हे समजल्यावर आम्हा सासरा-जावयाच्या चेहऱ्यावर काय जाणकारी पसरली म्हणून सांगू! कारण दौंड... पुण्याहून नगरला जाताना दौंडला गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे. तेवढ्यात आमच्याकडची माणसं खाली उतरायची, चहा प्यायची, पाय मोकळे करायची, एखादी सोयरीकही जुळवून यायची – गाडी आपली तिथेच. तात्यांची सगळी नोकरी त्या गाडीनं झाली.

तात्या उठले. "इंजिन फिरवत्यात. जरा बघून येतो. च्या गावला तर आणतो."

"या निवांत," मी मोठ्या रुबाबात म्हणालो.

आता मला सांगा, या गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिन असतं, हे बारामतीच्या माणसाला कोण सांगणार? दारं मिटली आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी मागे सरकली.

गाडी उलटी निघाल्यामुळे आमची तोंडं मागच्या फलाटाकडे. तिथे, रूळ संपतात त्या टोकाला, तात्या उभे. अंगात सुजाताने विणलेला तपकिरी स्वेटर. त्याची डावी बाही हिरवी, कारण तपकिरी लोकर अर्ध्यात संपली होती. तात्यांनी आमच्याकडे बघितलं आणि हात हलवला. घाई नाही, ओरडणं नाही... पाहुण्यांना एसटीत बसवून द्यावं, तसा. बघता बघता ते लहान होत गेले.

"तात्याऽऽ!" सुजाताच्या त्या किंकाळीने अख्खा डबा उभा राहिला.

तात्यांचा पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये. फोन समोरच्या सीटवर. साखरेच्या गोळ्या सुजाताच्या पर्समध्ये. परक्या मुलखात फलाटावर काय होतं? एक म्हातारा आणि त्याचं 'थँक्यू'. समोरच्या जर्मन बाईंनीही त्यांना पाहिलं होतं. त्याच धावत जाऊन कंडक्टरला घेऊन आल्या. तो फोन लावू लागला. सुजाता माझा दंड गदागदा हलवत होती, "दादाला काय सांगू? सांगा ना, काय सांगू?" मी, अख्ख्या बारामतीला बोलून बेजार करणारा माणूस, तात्यांचा पासपोर्ट पाऊचमधून काढत होतो आणि परत आत ठेवत होतो.

एवढ्यात डब्याचं काचेचं दार सरकलं.

आत तात्या! हातात वाफाळता चहाचा ग्लास. जाड काचेचा, उभ्या रेघांचा, आपल्या टपरीवर मिळतो तोच.

"पाव्हणं, धरा. गार हुईल."

कंडक्टरचा फोन कानालाच राहिला. जर्मन बाई पुढे झाल्या आणि त्यांनी तात्यांची हिरवी बाही चिमटीत धरून पाहिली. तात्या हात जोडून म्हणाले, "जय भीम, बाई."

सुजाता रडत होती आणि रडता रडता त्यांना झोडपत होती. "कुठं होता तुम्ही? आम्ही बघितलं तुम्हाला, फलाटावर!"

"मी? मी तर गाडी हालायच्या आधीच चढलो की. खांबापाशी एक जण किटली घिऊन हुबा व्हता. म्हणला, 'तात्या, हितं इंजिन फिरत न्हाय. च्या घ्या आन् चढा बिगीनं.' त्यानंच दार दावलं."

"मराठीत म्हणाला?"

"मग काय, जर्मनीत? मला कळलं असतं व्हय?"

मी घोट घेतला. आलं... आणि साखर अशी, की ओठ चिकटावेत. सुजाताने उरलेला हिसकावून घेतला, संपवला आणि ग्लास पर्समध्ये टाकला.

प्रज्ञाने नंतर खूप तर्क लढवले. "पप्पा, तुम्ही दुसऱ्याच कुणा आजोबांना पाहिलंत." एक बाही हिरवी असलेला स्वेटर घालून? जिने विणला, तिनेच पाहिला. बरं, मग चहा? तिने स्टुटगार्टला जाऊन चौकशी केली – किटलीवाला तिथे कुणीच पाहिलेला नाही.

तात्यांना आम्ही नेलं तसं परत आणलं, आणि मेहुण्यांच्या ताब्यात देताना मी जो श्वास सोडला, तो कळंबपासून वालचंदनगरपर्यंत ऐकू गेला असेल. ग्लास आमच्या कपाटात आहे. शंभरदा उलटापालटा करून पाहिला. साधा ग्लास.

हे लिहून तात्यांना वाचून दाखवलं, तर वैतागलेच.

"ह्यात अमानवीय काय हाय? गाडी थांबली की च्यावाला येनारच. लोकांस्नी इचारायचं तर दुसरं इचारा – इंजिन न फिरवता ती उलटी गेलीच कशी?"

दोन्ही टोकांना इंजिन असतं, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांचा काडीचा विश्वास नाही. म्हणाले, "पाव्हणं, असलं काय नसतं."