शेपटीचा निवाडा

"तुझ्या नवऱ्याला म्हनावं, गाडीच्या मागं जाऊन हुबा ऱ्हा! मला त्याचं नाक बी दिसाय नगं."

"आई, त्यो कवाच गेलाय तिकडं. आता तू बोलाय लाग, मान्सं खोळंबल्यात," ट्रीसा चहाचे पेले मांडता मांडता म्हणाली.

ऑस्ट्रेलियात उलुरूच्या मोठ्या खडकाभोवतालच्या रानात रीतच अशी, सासूनं जावयाकडं बघायचं नाही, बोलायचं तर नाहीच. जावयानं सासू दिसली की वाट सोडायची, आणि शिकार झाली की बायकोच्या हाती सासूला मांस धाडायचं. सहलवाल्या कंपनीची ब्रॉन्विनबाई मेलबर्नहून नुकतीच उतरलेली. सासू-जावई एकाच कामावर म्हणताच तिला भरून आलं. सासूनं, म्हणजे इमुनानं, पाहुण्यांना खडकाची गोष्ट आपल्या भाषेत सांगायची, जावयानं, लेरॉयनं, तिचं इंग्रजी करायचं, असं बाईनं परस्पर ठरवलं. त्या दोघांना विचारायचं तेवढं राहून गेलं. बाकी तयारी चोख होती. दूधसुद्धा दोन तऱ्हेचं होतं.

इमुनाचं दुखणं निराळंच. लेकीच्या लग्नाला एक हिवाळा उलटला, पण जावयाच्या बंदुकीचा बार तिच्या चुलीपर्यंत काही पोचला नव्हता. कांगारूची शेपटी राहू द्या, हाडूक नाही! आणि तोंडावर विचारायची तर जन्मात सोय नाही.

उजाडलं. खडक जांभळ्याचा तांबडा झाला. पाहुण्यांनी त्याच्याकडं पाठ केली आणि आपलेच फोटो काढले. परक्यांना सांगायजोगं होतं तेवढं इमुनानं सांगितलं, लेरॉयनं गाडीमागून त्याचं इंग्रजी केलं. मग तिनं घसा खाकरला.

"आता ही काय देवाची गोष्ट न्हवं, वस्तीतली हाय. एक जावई हाय. बस हाकतोय झ्याक. पर सासूच्या चुलीत त्यानं शेपटीचा केस बी टाकला न्हाई. असल्या गड्याला काय म्हनावं?"

ह्याचं इंग्रजी काही झालं नाही. पाहुण्यांना वाटलं, मंत्र चालू झाला. दोघांनी टोप्या काढल्या. ब्रॉन्विनबाईनं तर डोळेच मिटले.

मग लेरॉयचा आवाज आला. इंग्रजीत नाही, आपल्या भाषेत, आणि बोलणं गाडीच्या चाकाशी.

"चाकदादा, त्या गड्यानं दोनदा शेपटी धाडली. चांगली जाडजूड. बायकोच्या हाती. सासू काय बोलंना, तवा त्याला वाटलं, आपली शिकार पसंत न्हाई."

इमुनानं मान वळवली. लेकीकडं बघायला कुठलाच कायदा आड येत नव्हता.

ट्रीसा किटलीचं झाकण पुसत राहिली. "आई, लई थंडी हुती गं तवा. निखाऱ्यात टाकली, वास सुटला, आन..."

"म्हंजी दोनी बी?"

"दुसरी ल्हान हुती."

"म्हनून प्वाट सुटलंय व्हय तुजं! आन मी मेली नातवाची वाट बघतीया!"

"काय म्हणाल्या त्या?" ब्रॉन्विनबाईनं हळूच विचारलं.

"सूर्याला नमस्कार केला," ट्रीसा म्हणाली आणि तिच्या हातात चहा दिला.

"ह्या बारीची शेपटी माज्या म्होरं भाजायची," इमुना ओरडली. गाडीमागं कुणीतरी खोकलं. तिकडं न बघता ती आपल्या जाळापाशी जाऊन बसली, त्यात लाल झालेली तार उचलली आणि पाहुण्यांना विकायला कोरलेल्या लाकडी घोरपडीच्या पाठीवर ठिपके डागायला लागली.